पोटांतील अंगठी

शाकुंतलाची कथा आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें सांगितली. शकुंतलेच्या बोटांतील अंगठी पाण्यांत पडली, एका माशानें ती गिळली व त्याच्या पोटांत ती सुरक्षित राहिली, एवढें विद्यार्थ्यांच्या ध्यानांत राहत असे. परंतु ती अंगठी ज्या कोळ्याच्या हातीं लागली, त्याला राजाच्या रक्षकांनीं चोर समजून बांधून नेलें, हें बहुतेक जण विसरत. आम्हीहि विसरलोंच होतों. गेल्या पौषांत आमच्या घरीं जो प्रकार घडला, त्यानें त्या कोळ्याची आठवण करून दिली.

आमचें मंगळवेढें हें ज्वारीचें गांव. घरांत लहानमोठीं चौदा माणसें, तेव्हां भाकरीचें पीठ मळावयास मोठी काठवट लागते. एके दिवशीं धाकट्या सूनबाईंनीं बोटांतील सोन्याची अंगठी काढून काठवटीच्या कडेवर ठेविली. भाकऱ्या झाल्यावर काठवट खरवडून उरलेला गोळा अंगणांत मोत्या कुत्र्यापुढें टाकण्याचा आमच्या घरचा जुना परिपाठ आहे. तो त्या दिवशींहि पार पडला. दुपारीं अंगठीची आठवण झाली. फडताळ, मोरी, पिठाचे डबे, सारें धुंडाळून झालें. अंगठी नाहीं!

भांडीं घासणाऱ्या बाई त्या वेळीं ओसरीच्या पायरीशीं उभ्या होत्या. त्यांना कोणी एका शब्दानेंहि विचारलें नाहीं. पण सर्वांच्या नजरा एकाच दिशेस वळल्या. त्या बाईंनीं आपण होऊन कनवटीची पुरचुंडी सोडली, पदर झाडून दाखविला, राहिलेलीं भांडीं घासलीं आणि त्या निघून गेल्या. आम्ही घरांतील वडील. 'बाई, याची कांहीं आवश्यकता नाहीं', एवढें वाक्य उच्चारावयास वेळ तो किती लागतो? तें आमच्या तोंडून निघालें नाहीं. भुकेल्यांसाठीं सरकारी कोठारें उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा ज्या गांवांत मुलें लहानपणापासून ऐकतात, त्या गांवांत हें घडलें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं परसांत मोत्याच्या विष्ठेंत नातवास कांहीं चकाकतांना दिसलें. अंगठी जशीच्या तशी होती.

शास्त्रदृष्ट्या यांत नवल नाहीं. जठरांतील आम्लाचें सोन्यापुढें कांहीं चालत नाहीं. कुत्रें नाकाच्या सांगण्यावरून चालतें. ज्या वस्तूस अन्नाचा किंवा धन्याच्या अंगाचा वास येतो, ती तें तोंडांत घेतें आणि चावण्याची तसदी न घेतां गिळतें. पायमोजे, चेंडू, मुलांचीं खेळणीं पोटांत जातात तीं अशींच. गिळण्याचा मार्ग रुंद, पण जठरांतून पुढें जाण्याचें द्वार अरुंद. म्हणून लहान गुळगुळीत वस्तु बहुधा एकदोन दिवसांत बाहेर पडते, मोठी मात्र जठरांतच कित्येक दिवस, क्वचित् महिनेहि, पडून राहते.

गुरांची गोष्ट याहून निराळी. २०१९ च्या पोळ्यास संगमनेर तालुक्यांतील एका गांवीं पूजेच्या ताटांतील पुरणपोळीबरोबर मंगळसूत्रहि बैलानें खाल्लें. घरच्यांनीं आठेक दिवस शेण तपासलें, पण व्यर्थ! अखेर शस्त्रक्रिया करून तें काढावें लागलें. २०२३ सालीं वाशीम जिल्ह्यांत एका म्हशीनें सोयाबीनच्या टरफलांसह मंगळसूत्र गिळलें, तेव्हांहि तोच उपाय करावा लागला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकीं दुसऱ्याची घडण मधाच्या पोळ्यासारखी असते व जड वस्तु तेथें जी बसते, ती पुढें सरकत नाहीं. या कप्प्याच्या पुढेंच हृदय असल्यामुळें खिळा किंवा तार गेली, तर ती हृदयापर्यंत शिरूं शकते.

तेव्हां सोनें पोटांत सुरक्षित राहतें हें खरें. पोट सुरक्षित राहीलच असें नाहीं. कुत्र्याला दोरा ओवलेली सुई, चपटी बॅटरी व जस्ताच्या वस्तु विशेष घातक. दोरा आंतडीं आवळतो, बॅटरी अन्ननलिका जाळते, आणि विरघळलेल्या जस्तानें रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. वारंवार ओकारी व अन्नावरची वासना उडणें हीं धोक्याचीं चिन्हें होत. मिठाचें पाणी पाजून घरीं ओकारी काढण्याचा प्रयत्न करूं नये. तें मीठच विषासारखें बाधतें. विनाविलंब पशुवैद्य गांठावा. क्ष-किरणांनीं धातूची वस्तु कोठें आहे तें दिसतें व पुष्कळदां ती नळीच्या साह्यानें शस्त्रक्रियेवांचून काढतां येते.

अंगठी सांपडतांच नातवानें मोत्यावर काठी उगारली. आम्हीं त्याला जवळ बसवून आदिपर्वांतील सरमेची गोष्ट सांगितली. या देवशुनीचें पिलू जनमेजयाच्या यज्ञांत आलें होतें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नव्हतें, तरी राजाच्या भावांनीं त्यास मारलें. आपल्या मुलाचा अपराध कोणता, असें सरमेनें विचारलें, तेव्हां तेथें कोणीहि उत्तर देऊं शकला नाहीं. मोत्यानें तरी काय केलें? आम्हीं टाकलें, तें त्यानें खाल्लें. नातवानें काठी खालीं ठेविली. पण गोष्ट सांगतां सांगतां आम्हींच खालीं मान घातली.

त्याच सायंकाळीं सूनबाईंना बरोबर घेऊन आम्ही त्या बाईंच्या घरीं गेलों व झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली. बाईंनीं चहा केला. कपबशा उचलतांना त्या म्हणाल्या, "गुरुजी, अंगठी गावली, लई बरं झालं. पर गावली नसती तर वो?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

वाचकहो, आतां आमच्या स्वयंपाकघरांतील कोनाड्यांत एक पितळी वाटी ठेविली आहे. पिठास हात लावण्यापूर्वीं अंगठ्या व बांगड्या तींत पडतात. मोत्याच्या पोटाची काळजी त्या वाटीनें मिटली. नजरेसाठीं मात्र वाटीचा उपयोग नाहीं; तिच्यासाठीं घरांत एक नियम केला आहे. वस्तु दिसेनाशी झाली, तर 'कोणीं घेतली?' असें कोणीं विचारावयाचें नाहीं. 'मीं कोठें ठेविली?' असें ज्यानें त्यानें प्रथम स्वतःस विचारावयाचें. नियम सोपा आहे. पाळावयास आम्हांस या वयांत थोडा जड जातो, इतकेंच.