काटा अडला की ताटाकडे बघा

वजनाचा काटा खाली सरकू लागला की हुरूप येतो, आणि तोच काटा अडून बसला की सगळा उत्साह मावळतो. आमच्या वस्तीतल्या एका ताईंचे असेच झाले. चार घरची धुणीभांडी करता करता गुडघे धरले, तपासणीत साखरही निघाली. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. ताईंनी तळलेले सोडले, रोज पहाटे चालू लागल्या. दोन महिन्यांत पाच किलो उतरले. पुढे महिनाभर काटा जागचा हलेना.

तेव्हा ताईंनी मनानेच रात्रीचे जेवण सोडले. साखरेची गोळी मात्र चालूच! दुसऱ्या पहाटे घामाने अंथरूण भिजले, हात थरथरू लागले. लेकीने साखरपाणी पाजले म्हणून निभावले. गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टाळू नये, भात-चपातीही एकदम तोडू नये. आधी डॉक्टरांना सांगावे, ते औषधाचे प्रमाण बदलतात.

काटा अडला यात ताईंचा दोष नव्हता. सुरुवातीला उतरते त्यात बरेचसे पाणी असते. शरीर साखरेचा जो साठा करते, त्याच्या दर ग्रॅमामागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. साठा आटला की तेही जाते. शिवाय हलक्या झालेल्या शरीराला अन्न कमी लागते. ताटात मात्र पूर्वीइतकेच पडत राहते.

आम्ही ताईंचे ताट पाहिले. सकाळी चहा-बटर, दुपारी तीन चपात्या आणि वर भात, रात्री भात, पातळ आमटी, बटाट्याची भाजी. बटाटा नावाला भाजी, खरा तो भाताचाच भाऊ. पण यात हौस नाही, खिशाचा हिशेब आहे. रेशनचे धान्य 2023 पासून फुकट मिळते, डाळ-अंडी विकत घ्यावी लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली सांगितले, की धान्यातून निम्म्याहून कमी, 45 टक्क्यांपर्यंतच कॅलरी याव्यात. आपल्या घरांत हे कसे जमणार?

थोडे थोडे जमते. ताई आता दुपारी दोन चपात्या खातात, भात नाही. रात्री भात एकच वाटी, आमटी घट्ट. सोबत मोडाची मटकी, नाहीतर उकडलेले अंडे. कधी सुकट, पण चांगली धुऊन, कारण मीठ फार.

राहिला चहा. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे 50 ग्रॅम. 200 कॅलरी झाल्या, दोन चपात्यांइतक्या! कामाच्या घरी बिनसाखरेचा मागायला ताईंना संकोच वाटे.

डॉक्टरांनी गोळी कमी केली. दीड महिन्यात काटा दीड किलो खाली आला. तीन घरी आता बिनसाखरेचा चहा मिळतो. चौथ्या घरच्या आजी काही ऐकत नाहीत.