अध्यक्ष महोदय, मुदत तुम्हीच घाला

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विधानसभा, विधान भवन, मुंबई

महोदय,


न्यायालयाने विधिमंडळाच्या निर्णयाला हात लावला की ‘सभागृह सार्वभौम आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. गंमत अशी, की विरोधी बाकावरून सत्तेच्या बाकावर गेलं की हे वाक्य आवडू लागतं आणि परत फिरलं की नावडतं होतं.

सभागृह सार्वभौम नाही, हे 1964 सालीच ठरलं आहे. उत्तर प्रदेश विधानसभेने केशव सिंग यांना हक्कभंगासाठी तुरुंगात धाडलं. उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यांना जामीन दिला, तेव्हा सभागृहाने त्या न्यायमूर्तींनाच ताब्यात घेऊन हजर करण्याचा ठराव केला! सर्वोच्च न्यायालयात विधानसभेची बाजू मांडली मुंबईच्या एच. एम. सीरवाई यांनी, आणि बहुमताचा अभिप्राय लिहिला मूळच्या सातारच्या सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी. इंग्लंडची पार्लमेंट सार्वभौम असेल, आपल्याकडे राज्यघटना श्रेष्ठ, हा त्याचा गाभा.

आपल्याच सभागृहाचं उदाहरण घ्या. 5 जुलै 2021 रोजी भाजपचे 12 आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले. अधिवेशन दोनच दिवसांचं होतं. 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडचं निलंबन रद्द केलं. निलंबनाचा अधिकार त्याने नाकारला नाही. आमदाराची हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि पोटनिवडणूक होते. वर्षभराच्या निलंबनात मात्र मतदारसंघ नुसता लटकतो, हा त्या निकालातला मला सर्वांत पटलेला मुद्दा. घटनेच्या अनुच्छेद 212 प्रमाणे कार्यपद्धतीतल्या चुकांवरून न्यायालय कामकाज तपासत नाही. पण घटनाबाह्य कृतीला त्या अनुच्छेदाचं छत्र मिळत नाही. त्या दिवशी निकालाचं स्वागत करणारे पुढे सत्तेत आले आणि सभागृहाच्या अधिकाराची आठवण काढू लागले, हेही आम्ही पाहिलं.

जून 2022 मध्ये शिवसेना फुटली आणि आमच्या शेजारच्या कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. नौपाड्यात तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी पक्षांतरबंदीतून सुटायला पक्षाच्या 55 आमदारांचे दोन तृतीयांश म्हणजे 37, हा हिशेब होता. फुटीनंतरच्या अपात्रतेच्या याचिका आपल्या कार्यालयात पडून राहिल्या. 11 मे 2023 च्या निकालात घटनापीठाने आमदारांना स्वतः अपात्र ठरवलं नाही. तो अधिकार अध्यक्षांचाच, फक्त वाजवी वेळेत वापरा, एवढंच सांगितलं. तरीही न्यायालयाला मुदत घालावी लागली, ती वाढवावी लागली आणि निर्णय आला 10 जानेवारी 2024 रोजी. तो बरोबर की चूक, हा या पत्राचा विषय नाही. पाच वर्षांच्या सभागृहात दीड वर्ष हा प्रश्न लोंबकळत राहिला, हा आहे. न्यायालयही काही फार चपळ नाही. त्या निर्णयाविरुद्धची याचिका प्रलंबित असतानाच नोव्हेंबर 2024 ची निवडणूक होऊन गेली.

अध्यक्षांना मुदत कोर्टाने घालावी, यात सभागृहाचा कसला मान? 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा याचिकांसाठी, अपवाद सोडून, तीन महिन्यांची मर्यादा सुचवली. ती आपण स्वतःहून स्वीकारू शकता. घटनेतल्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीच्या आठव्या परिच्छेदाने नियम करण्याचा अधिकार अध्यक्षांना दिला आहे. 1986 चे निरर्हतेचे (म्हणजे अपात्रतेचे) नियम त्याच अधिकारातून आले. घटनादुरुस्ती नको, दिल्लीची परवानगी नको. त्या नियमांत एक कलम वाढवा: 90 दिवसांत निर्णय, आणि उशीर झालाच तर त्याची लेखी कारणं सभागृहाच्या पटलावर. नियम सभागृहापुढे 30 दिवस ठेवावे लागतात, म्हणून मसुदा येत्या अधिवेशनातच आणावा, ही विनंती.

आपला,
नौपाड्यातील एक मतदार, ठाणे