सदाफुलीची पानं चघळून साखर उतरते का?

जालना जिल्ह्यात सदाफुली नाही असं अंगण शोधूनच काढावं लागेल. पाणी कमी असलं तरी ती बारा महिने फुलते. तिची चार-पाच पानं सकाळी उपाशीपोटी चघळली की मधुमेह जातो, असं अनेक जण मानतात. दुसरीकडे, समुद्रापासून इतक्या दूरच्या आपल्या गावांत माशाच्या तेलाच्या आणि ‘समुद्री वनस्पती’च्या कॅप्सूलही पोचल्या आहेत. दोन्हींमागचा विश्वास एकच : नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही.

माझं मत स्पष्ट आहे. निसर्गात औषध आहे, पण पान म्हणजे औषध नव्हे.

सदाफुलीचीच गोष्ट पाहा. 1952 साली जमैकाहून या झाडाची पानं कॅनडात संशोधनासाठी पाठवली गेली. तिथेही लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेत. डॉ. रॉबर्ट नोबल यांनी अर्क उंदरांना तोंडावाटे दिला, तेव्हा साखरेवर फारसा परिणाम दिसला नाही. इंजेक्शनने दिल्यावर मात्र उंदरांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि जंतुसंसर्गाने ते मेले. यातूनच पुढे रक्ताच्या कर्करोगाचं औषध मिळालं. व्हिन्क्रिस्टीन हे औषध याच झाडातून आलं. ते पेशींचं विभाजन थांबवतं.

रक्ताच्या कर्करोगात वापरलं जाणारं दुसरं औषध, सायटॅराबिन, याचं मूळ समुद्रात आहे. 1950 च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजात काही वेगळे रासायनिक घटक सापडले. त्यांच्या रचनेवरून हे औषध प्रयोगशाळेत तयार झालं. पूर्वी हा आजार झालेलं मूल क्वचितच वाचे. आज चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार मिळालेली बहुतेक मुलं बरी होतात, आणि त्या उपचारांत अंगणातल्या झाडाचा आणि समुद्रातल्या स्पंजाचाही वाटा आहे.

मग पानं चघळायला काय हरकत आहे? हरकत मोजमापाची आहे. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीन काढायला वाळलेल्या पानांचा प्रचंड साठा लागतो. प्रौढ रुग्णालाही एका वेळी सहसा 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत, तेही फक्त शिरेतून. चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर जीव जातो. शिवाय सदाफुलीत शंभरावर अल्कलॉइड आहेत. तुमच्या पानात कोणतं किती आहे, हे कोणीही तोलून पाहिलेलं नाही.

आणि ज्या गोळीऐवजी पानं चघळली जातात, ती मेटफॉर्मिनची गोळीही एका वनस्पतीच्या अभ्यासातूनच आली आहे. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती जुन्या काळापासून वापरात होती. ती खाऊन मेंढ्यांना विषबाधाही होत असे. तिच्यातल्या घटकाशी नातं असलेलं, पण अधिक सुरक्षित औषध तयार झालं आणि 1957 पासून ते मधुमेहावर वापरात आलं. म्हणजे गोळी सोडून पाल्याकडे वळणं हे निसर्गाकडे परतणं नाही. तोललेलं सोडून न तोललेलं घेणं आहे.

गुळवेलीचा वाद अनेकांना आठवत असेल. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती वेल गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही. माझा प्रश्न साधा आहे : वेल कोणती यावर जाणकारांतच वाद होत असेल, तर पुडीतल्या चूर्णात काय आहे हे आपण कसं ओळखणार?

समुद्री कॅप्सूललाही हाच नियम. गुडघेदुखीसाठी घेतलं जाणारं ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं. माळकरी रुग्णांना हे माहीत असायला हवं, आणि कोळंबीची अॅलर्जी असणाऱ्यांनाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर माशाच्या तेलाची कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या. जवसाची चटणी मात्र खुशाल खा. तिच्यातही ओमेगा-3 आहे. ते माशातल्यापेक्षा वेगळ्या प्रकारचं आहे आणि शरीर त्यातलं थोडंच माशाच्या प्रकारात बदलतं. पण चटणी हे अन्न आहे, ते अन्न म्हणूनच खावं.

काढा घेतला म्हणून मी कोणावर रागावणार नाही. लपवू मात्र नका. पुढच्या वेळी येताना चूर्णाची पुडी, कॅप्सूलचा डबा, काढ्याचा पाला, जे काही घेता ते पिशवीत घालून आणा. मधुमेहाची गोळी स्वतःहून बंद करू नका, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए1सी तपासणी वेळेवर करा. पानांनी खरंच फरक पडला असेल तर तो त्या आकड्यात दिसेल. पडला नसेल तर तेही दिसेल, आणि डोळे, मूत्रपिंड व पायांच्या नसा खराब होण्याआधी दिसेल.