इंजिन बदलून मिळणार नाही

माणूस आजारी पडला की भेटायला येणारे निदान "डॉक्टर काय म्हणाले?" एवढं तरी विचारतात. गाडी आजारी पडली की मेकॅनिक काय म्हणाला हे कोणीच विचारत नाही. जो येतो तो स्वतःच मेकॅनिक असतो.

आमची गाडी म्हणजे १९९१ सालची प्रीमिअर पद्मिनी. वडिलांनी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होताना प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून घेतली. चित्तोडच्या राणीचं नाव, मूळ घराणं इटलीतलं, जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला आणि पासिंग नगरचं. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण सदुसष्ट वर्षांच्या जिभेवरून नगर सहजी उतरत नाही, तेवढं वाचकांनी सांभाळून घ्यावं. तर ही गाडी पस्तिशीला आली आणि धूर मारू लागली. सकाळी सुरू केली की सावेडीतली आमची गल्ली निळी होते. शेजारच्या काकू आधी खिडक्या लावून घ्यायच्या. त्यांना वाटायचं, डासांची फवारणी आली. आता त्या खिडक्या लावत नाहीत, नुसतं आमच्या हिच्याकडे बघतात. ते जास्त लागतं.

चाचांना दाखवली. चाचा म्हणजे तीस वर्षं फियाट आणि अँबॅसिडर उघडण्यात गेलेला माणूस. त्यांनी कानाला मोठा स्क्रू-ड्रायव्हर लावून डॉक्टरासारखं ऐकलं, ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसली आणि म्हणाले, "सर, रिंगा गेल्या. बोअर घासलाय. कॉम्प्रेशन राहिलं नाही. खोलावं लागेल." खर्च? पंचेचाळीस हजार. पार्ट मिळाले तर.

ही बातमी आमच्या मेव्हण्याच्या कानावर गेली आणि इथून पुढे या लेखाचं कारण सुरू झालं.

मेव्हणा हा इंजिनबदलू संप्रदायातला माणूस आहे. कोणतीही वस्तू ज्या कामासाठी केली आहे त्या कामाला वापरणं त्याला बावळटपणाचं वाटतं. लुना ही नगरचीच लेक, १९७२ साली बाजारात आली. पैकी एका लुनाचं इंजिन काढून त्यानं फवारणीच्या पंपाला बसवलं होतं. पंप चालला, मात्र डाळिंबाच्या बागेतून सरळ पुढे चालत विहिरीत गेला. हा प्रयोग तो यशस्वी धरतो.

"दाजी," तो म्हणाला, "म्हाताऱ्या इंजिनात पंचेचाळीस हजार घालता? डिझेल टाका! मोडीतल्या गाडीचं इंजिन मिळतं. पंच्याण्णव हजारांत सगळं फिट. ॲव्हरेज अठराचं. घाट चौथ्या गिअरवर!"

पंधरा दिवस घरात हाच विषय. फोनवर पुण्याचा मुलगा, दारात दूधवाला, लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसं, सगळ्यांचं एकमत: बदला! म्हणून आज मी जाहीरपणे सांगतो की मी इंजिन बदलण्याच्या विरुद्ध आहे, आणि का आहे तेही सांगतो.

आधी हिशोब. मी मराठी मास्तराचा मुलगा आहे. भावना नंतर, वजाबाकी आधी. गाडी वर्षाला बाराशे किलोमीटर फिरते. लिटरला बारा धरले तर शंभर लिटर पेट्रोल. पेट्रोल १०५ रुपये धरा, झाले साडेदहा हजार. डिझेल इंजिन लिटरला अठरा देईल असं मेव्हण्याच्या शब्दावर मानू, हे मोठंच मानणं आहे. ९२ रुपये भावानं सहा हजारांच्या थोडं वर. म्हणजे वर्षाची बचत चव्वेचाळीसशे रुपये. चाचांच्या पंचेचाळीस हजारांपेक्षा पन्नास हजार जास्त घालायचे, ते वसूल व्हायला साडेअकरा वर्षं. तेव्हा मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा असेन आणि गाडी शेहेचाळीस. त्या वयात दोघांनाही चौथा गिअर डॉक्टरच वर्ज्य करतील.

मेव्हण्याचं गणित १९८५ सालचं आहे. त्या काळी डिझेल पेट्रोलच्या जवळजवळ निम्म्या भावात मिळे आणि म्हणून जिल्हाभर जीपा-अँबॅसिडरांच्या पोटात डिझेल इंजिनं गेली. दिवसाला दोनशे किलोमीटर पॅसेंजर भरून धावणाऱ्या जीपवाल्याला ते परवडलं. मी त्याला नावं ठेवत नाही. पण २०१० साली पेट्रोलचा आणि २०१४ साली डिझेलचा भाव सरकारी बंधनातून सुटला आणि ते जुनं अंतर आटून गेलं. भाव बदलला, फक्त सल्ला तोच राहिला.

आता शरीरशास्त्र. संप्रदायाची समजूत अशी की गाडी म्हणजे एक डबा, त्यात इंजिन हा विजेचा सेल. जुना काढला, नवा घातला. मी चाचांना विचारलं, "डिझेल टाकायचं तर काय काय बदलावं लागेल?" चाचांनी विडी पेटवली. प्रश्न मोठा असला की ते विडी पेटवतात. "फाउंडेशन नवं करावं लागेल, वेल्डिंगनं. क्लच त्याचा. गिअरबॉक्सही त्याचाच घ्यावा लागेल. मग शाफ्टची लांबी जुळत नाही, तो कापा, जोडा, बॅलन्स करा. रेडिएटर मोठा. सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगला अडतो, तो वळवा. वजन वाढलं की गाडी नाकावर बसते, म्हणजे पुढच्या स्प्रिंगा. डिझेलची थरथर जास्त, पत्रा जुना, दारं वाजणार. आणि ब्रेक..." इथे ते थांबले. "ब्रेक सर, चाळीस-एक घोड्यांच्या गाडीचे आहेत. चारी चाकांना ड्रम. ते तर कोणी बदलतच नाही."

हा शेवटचा मुद्दा मेव्हण्यासमोर ठेवला, तर तो मला रविवारी रणगाडा संग्रहालयात घेऊन गेला. नगरच्या माणसाला वादात हरवायचं असेल तर हा हुकमी डाव आहे. लष्कराच्या चिलखती दलानं १९९४ साली उघडलेलं हे संग्रहालय. जगभरचे रणगाडे झाडांखाली पेन्शनरांसारखे बसलेले. शर्मनपुढे उभा राहून तो म्हणाला, "बघा दाजी! ह्याला विमानाचं इंजिन बसवलं, ट्रकची दोन डिझेल इंजिनं जोडून बसवली, मोटारीची पाच इंजिनं एकत्र करून तीस सिलिंडरचं एक केलं, तेही बसवलं. आणि तो सेंच्युरियन, त्याचं इंजिन लढाऊ विमानाच्या इंजिनावरून केलेलं. लढाया जिंकल्या लोकांनी! आणि तुम्ही पद्मिनीला भिता?"

सगळं खरं होतं. मी घरी येऊन दोन रात्री वाचलं तेव्हा पुढची अर्धी गोष्ट कळली. ती पाच इंजिनं मावेनात म्हणून अमेरिकनांनी त्या शर्मनचं धूडच लांब केलं. इंजिनासाठी रणगाडा बदलला! प्रत्येक जोडणी कारखान्यात आखली, मग चालवून, मोडून, सुधारून पाहिली. मेव्हण्याचा कारागीर फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गॅस-कटर घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, "बसंल." 'बसंल' हा मराठी भाषेतला सर्वांत महाग शब्द आहे.

आणि गंमत बघा, गाड्यांना मान्यता देण्याआधी तपासणाऱ्या देशातल्या मोजक्या सरकारी संस्थांपैकी एक आमच्याच नगरला आहे. लष्करी वाहनं घडवणारी व्हीआरडीई. तिच्या चाचणीच्या रस्त्यावर गाड्या धावडवतात, थांबवतात, तापवतात. बाहेरगावचे कारखानदार त्यासाठी नगरला येतात आणि नगरचा माणूस फाट्यावर जातो.

तरीही मी डळमळलो होतो, हे कबूल करतो. पंधरा दिवसांच्या सल्ल्यानं दगडही वितळतो. मेव्हण्यानं शेवटचं अस्त्र काढलं: त्याच्या परिचयातल्या एका गृहस्थांची डिझेल घातलेली पद्मिनी. म्हणाला, "एकदा बसून बघा. नेवाशाला जाऊ. ज्ञानेश्वरांच्या खांबाचं दर्शन होईल आणि जाता जाता इंजिनाचं."

निघालो. खरं सांगतो, गाडी पळत होती. जेऊरच्या पुढे तिनं एक एसटी मागे टाकली. पद्मिनीनं एसटी मागे टाकलेली मी हयातीत पहिल्यांदा पाहिली. मनात म्हटलं, पंच्याण्णव हजार गेले! मग इमामपूरचा घाट लागला. उतार. मालक एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं इंजिनाची तारीफ करत होते. तिसऱ्या-चौथ्या वळणावर करपल्याचा वास आला. कुणाचा तरी क्लच असेल, असं ते म्हणाले. आमच्या मागेपुढे कोणी नव्हतं.

घाट संपता संपता पुढे उसाचा ट्रॅक्टर दिसला, मागे दोन ट्रॉल्या. आणि मागच्या ट्रॉलीमागे पळत एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा ऊस उपसत होता. आपण सगळ्यांनी लहानपणी उपसला तसाच. मालकांनी ब्रेक दाबला. पाय खाली गेला, गाडी गेली नाही असं झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबला, हँडब्रेक ओढला, गिअर खाली पाडला. गाडी किंचाळली, आडवी झाली आणि थांबली. त्या मुलात आणि आमच्या बंपरात दोन हात अंतर असेल. तोवर ऊस सुटून त्याच्या हातात आला होता. त्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि तो ऊस सोलत निघून गेला.

"ब्रेकचं काम राहिलंय जरा," मालक म्हणाले. मेव्हणाही काही बोलला नाही. पांढरीपुलावर चहा घेताना माझा कप बशीत वाजत होता. मी विचारलं, "हे इंजिन आरसीवर चढवलंय का?"

"कुठं कोण बघतंय!" ते म्हणाले.

माझा वाद या तीन शब्दांशी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कारखान्यानं ठरवलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकानं करू नये. परवानगीनं जो बदल होईल तो चौदा दिवसांत नोंदवावा. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. आपण याला आरटीओची कटकट म्हणतो. पण त्या दोन हातांचा एक हात झाला असता, तर विम्याच्या माणसानं आधी इंजिनाचा नंबर पाहिला असता आणि मग आरसी. ते दोन नंबर जुळत नाहीत म्हणून त्या पोराच्या आईबापांना कोर्टाच्या पायऱ्या किती वर्षं झिजवाव्या लागल्या असत्या? काटकसर आमची, हौस आमची आणि जोखीम उसामागे पळणाऱ्या पोराची! इंजिन बदलणाऱ्यांच्या हिशोबात हा खर्च कुठल्याच रकान्यात नसतो.

म्हणजे बदल करूच नये का? करावा की. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींनी सीएनजीची टाकी घेतली, रीतसर किट बसवून, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची टॅक्सी मानानं निवृत्त झाली. ज्याला जमेल त्यानं ब्रेकपासून सुरुवात करावी, मंजुरी घ्यावी, तपासून घ्यावं. मी त्याला हार घालीन. मात्र एवढं सगळं करून इंजिन पंच्याण्णव हजारांत बसत नाही, म्हणून संप्रदाय त्यातलं महाग तेवढं गाळतो.

मेव्हणा म्हणतो, दाजी भावनेत अडकलेत, वडिलांची गाडी ना! साफ चूक. वडील स्वस्त पडेल ते बिनदिक्कत करत. शर्टाची कॉलर विरली की उसवून उलटी शिवून घेत. आणखी तीन वर्षं शर्ट चाले. पण कॉलर विरली म्हणून त्यांनी शर्टाला दुसऱ्याच्या कोटाच्या बाह्या जोडल्या नाहीत. रिंगा बदलणं, बोअर करणं म्हणजे कॉलर उलटणं. शिवाय २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांची आणि मूळ इंजिन-सांगाड्यात मोठा फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. आमची पद्मिनी २०४१ साली त्या मानाला पात्र होईल. तेव्हा मी असलो-नसलो तरी तिच्या पोटात तिचंच इंजिन असावं.

तर निर्णय झाला. चाचांनी अंगणातल्या कडुलिंबाला चेन-पुली बांधून इंजिन उतरवलं, ब्लॉक बोअरिंगला गेला. पिस्टन यायला तीन आठवडे लागले. ते परवा आले, तेव्हा बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या रिकाम्या जागी गल्लीतली मांजर व्यालेली. चार पिल्लं, डोळे मिटलेले. आमच्या हिनं फर्मान काढलं, "पिल्लं चालायला लागेपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही." चाचांनी विडी पेटवली.

काल मेव्हणा आला. त्यानं बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं, चारी पिल्लं मोजली आणि म्हणाला, "दाजी, शेवटी बदललंतच की! फोर सिलिंडर आहे ना?"