कॅसिओवाला

दरवर्षी ५ सप्टेंबर उजाडला की शिक्षकदिनाच्या शुभेच्छांच्या गर्दीत एक मेसेज हमखास येतो. जगप्रसिद्ध रॉकस्टार फ्रेडी मर्क्युरी, ज्याचा आज वाढदिवस, तो आपल्या पाचगणीत शिकला, अभिमान बाळगा आणि पुढे पाठवा. अभिमानाला माझी हरकत नाही. पण पाचगणीत हा मुलगा करत काय होता, हे त्या मेसेजमध्ये कधीच नसतं. तिथल्या बँडचा मुख्य गायक दुसराच होता. फ्रेडी पियानोवर होता.

आमच्या सेलू गावात बसून मला याचं अप्रूप वाटतं, कारण याच दिवसांत इथे गणपतीच्या ऑर्केस्ट्राच्या तालमी सुरू असतात. पत्रिकेवर गायकाचा फोटो, गायिकेचा फोटो, निवेदकाचं नाव ठळक. ऑक्टोपॅडवाल्याला हल्ली बऱ्यापैकी मान मिळतो, कारण तो काठ्या उडवतो आणि लोकांना ते दिसतं. कीबोर्डवाला मात्र ‘आणि वाद्यवृंद’ या दोन शब्दांत बसवलेला. गाण्यातली सनई तो, बासरी तो, व्हायोलिनचा ताफा तो आणि खाली घुमणारा बेसही बऱ्याचदा तोच.

पाचगणीची गोष्ट आधी सांगून टाकतो. फारुख बलसारा १९४६ साली झांझिबारला जन्मला. वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, घर पारशी. आठव्या वर्षी पोराला बोटीत बसवून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. फ्रेडी हे नाव तिथलंच. मास्तरांना त्याचा कान लक्षात आला आणि पियानोची शिकवणी लागली. १९५८च्या सुमारास पाच पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. ब्रूस मरे गायचा, डेरिक ब्रँच गिटारवर, व्हिक्टरी राणा ड्रमवर. फरांग इराणीकडे चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी लावून केलेला बेस. आणि पियानोवर फ्रेडी. वाजवायचे ते क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, म्हणजे रेडिओवर जे लागेल ते. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं फ्रेडी जाऊन पियानोवर तसंच्या तसं काढायचा, असं त्याचे शाळासोबती सांगत आले आहेत. त्याच्या आयुष्यातली मला सगळ्यात विश्वासार्ह वाटणारी गोष्ट हीच आहे. बाकी दंतकथा पुष्कळ.

जाता जाता, या पाचांपैकी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात लेफ्टनंट जनरल झाला, ब्रँच इंग्लंडमध्ये नट झाला आणि इराणीने पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवलं. एका शाळेच्या बँडमधून इतकी निरनिराळी माणसं निघावीत, यावर खरं तर वेगळं सदर लिहिता येईल.

आता आमचे मास्तर, म्हणजे इथले कीबोर्डवाले. नाव लिहीत नाही, त्यांनाच आवडायचं नाही. दिवसा दुकान, रात्री भजनात पेटी, लग्नसराईत बेंजो पार्टीच्या टेम्पोवर आणि गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. मशीन यामाहाचं आहे, पण गावाच्या तोंडी ते कॅसिओच. गाणं शिकायची त्यांची पद्धत पाचगणीच्या पोराहून वेगळी नाही. मोबाइल कानाला लावून एकदा ऐकायचं, दुसऱ्यांदा ऐकताना उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागतात, आणि तिसऱ्यांदा ऐकायची गरज पडत नाही. नोटेशन वाचता येत नाही. पट्टी मात्र विचारतात, ‘काळी चार का पांढरी दोन?’ गायकाने काळी चार सांगून ऐनवेळी घसा धरला, तर मास्तर गाणं न थांबवता एका बटणाने सगळं अर्ध्या सुराने खाली आणतात. गायकाला कळतही नाही. त्याला वाटतं आज आपला आवाज छान लागला.

यातला धोका एकच, आणि तो आमच्या भागात नेहमीचा. लाइट जाते. जनरेटर चालू होईपर्यंत मशीन बंद पडलेलं असतं, आणि परत चालू झालं की सूर खाली-वर करणारं ते ट्रान्सपोज शून्यावर. गायक बिचारा जुन्याच सुरात पुढची ओळ उचलतो आणि मास्तर पांढऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवून क्षणभर भलत्याच गावाला गेलेले असतात. मग बटण न शोधता ते बोटंच सरकवतात आणि उरलेलं कडवं काळ्या पट्ट्यांवरून काढतात. समोर पाचशे लोक बसलेले, एकालाही पत्ता नाही. मी हे शेजारी उभा राहून पाहिलं आहे. मला टाळी वाजवावीशी वाटली, पण टाळ्या तेवढ्यात गायिकेसाठी पडल्या.

पेटीवाल्यांच्या वाट्याला हे जुनंच आहे. आप्पा जळगावकर जालन्याकडचे, म्हणजे आमच्याच रेल्वेलाइनवरचे म्हणायला हरकत नाही. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, वसंतराव देशपांडे यांना त्यांनी साथ केली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण मैफलीची आठवण काढताना आपण म्हणतो, भीमसेनजींचा तो मारवा. पेटीवर कोण होतं, हे पेटीवालेच लक्षात ठेवतात. आणि हा तर सन्मानाचा काळ झाला. १९४० साली आकाशवाणीने पेटीला चक्क दारच बंद केलं होतं. हे वाद्य परदेशी, याच्या पट्ट्या एका जागी ठोकलेल्या, दोन सुरांमधलं काही यात निघत नाही, म्हणजे मींड नाही, असा आक्षेप. पुढची काही दशकं रेडिओवर पेटी बंद होती.

मास्तरांच्या मशीनला डाव्या कडेला अंगठ्याएवढं एक चाक आहे. वरातीत सनईचा आवाज लावला की त्यांचा उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा अंगठा त्या चाकावर. सूर दाबायचा आणि चाक हळूच वर ढकलायचं, सूर घसरत पुढच्या सुराला जाऊन मिळतो. पेटीवर जे निघत नाही म्हणून एवढा वाद झाला, ते आमच्या गल्लीत डीजेच्या गोंगाटात एक माणूस अंगठ्याने काढतो. नवरदेवाच्या मित्रांना मात्र तेव्हा नागीण हवी असते. तीही तो त्याच चाकावर काढून देतो.

फ्रेडीकडे परत येतो. १९६३च्या सुरुवातीला तो झांझिबारला परतला, आणि १९६४च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली. घरच्यांनी जीव वाचवून लंडन गाठलं. तिथे चित्रकलेचं शिक्षण, विमानतळावर सामान उचलण्याचं काम, आणि १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत ‘क्वीन’. वर्षभरात जॉन डीकन आला आणि चार जण पुरे झाले. १९७३च्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांनी मुद्दाम छापलं की यात कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. जे ऐकू येतं ते गिटार, गळा आणि पियानो, मशीनची करामत नाही, असा तोरा. १९७५ची ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांची, रचना फ्रेडीची, सुरुवातीचा पियानो त्याचाच. इंग्लंडमध्ये ती नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. १९८०च्या ‘द गेम’मध्ये मात्र सिंथेसायझर आलाच. तोरा सात वर्षं टिकला, हेही काही कमी नाही.

अडचण पुढे होती. गाणारा माणूस पियानोवर बसून राहिला तर स्टेडियमच्या शेवटच्या रांगेला तो दिसणार कसा? त्याला उठून धावायचं असतं. तो उठला की पियानोची जागा रिकामी. १९८२च्या दौऱ्यांत मॉर्गन फिशर आणि फ्रेड मँडल यांनी ती भरून काढली. १९८४ला आला स्पाइक एडनी. १३ जुलै १९८५चा ‘लाइव्ह एड’ हा मदतनिधीचा कार्यक्रम आता लहान पोरांनाही मोबाइलमुळे पाठ आहे. फ्रेडी पियानोवर सुरुवात करतो, मग उठतो, अर्धी तुटलेली माइकची काठी घेऊन पुढे येतो आणि अख्खं वेम्बली स्टेडियम त्याच्यासोबत टाळ्या वाजवायला लागतं. त्या मंचावर पाचवा माणूसही होता, एडनी. शिवाय क्वीनने या कार्यक्रमात यावं म्हणून आयोजक बॉब गेल्डॉफने पहिला निरोप पाठवला तोही एडनीकरवीच. तो गेल्डॉफच्या बँडमध्येही वाजवून आलेला होता, म्हणून दोन्हीकडे ओळख.

१९९१मध्ये फ्रेडी गेला. पुढच्या एप्रिलमध्ये वेम्बलीवर श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, तिथे कीबोर्डवर एडनी. नंतर गायक बदलले, पॉल रॉजर्स आला, अ‍ॅडम लँबर्ट आला, एडनी आहे तिथेच. अधिकृत सभासद मात्र तो कधीच झाला नाही. बँड म्हणजे चारच नावं, त्यातले दोघं आता मंचावर नसतात तरीही चारच. मला हे जरा खटकतं, पण एडनीला खटकत असेल असं त्याच्या वाजवण्यावरून तरी दिसत नाही.

हे सगळं मी मास्तरांना दुकानावर बसून सांगितलं. ते मशीनच्या पट्ट्यांमधली धूळ दाढीच्या जुन्या ब्रशने काढत होते. फ्रेडीचं त्यांना विशेष वाटलं नाही. ‘पियानो सोडून गायला लागला म्हणा की,’ एवढंच बोलले. एडनीवर मात्र हात थांबला.

‘चाळीस वर्षं?’

‘हो, चाळीसेक.’

‘अन् पोस्टरवर नाव?’

‘नसतं.’

‘पण दरवेळी बोलावतेत ना?’ मी हो म्हटलं. ‘मग झालं की सर. गायक बदलायलेत अन् हा तिथंच हाय, तर ह्याच्याबिगर त्यांचं अडत असंल.’

यंदाच्या पत्रिकेचा मजकूर मंडळाने माझ्याकडे दिला आहे. मी म्हटलं, मास्तर, या वेळी तुमचं नाव गायकाच्या बरोबरीने टाकतो, ठळक. त्यांनी ब्रश बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच जरा वैतागून माझ्याकडे पाहिलं.

‘नावाचं राहू द्या हो सर. मागल्या साली पाऊस आला तर सगळे गाणारे मंडपात पळाले, अन् मी शर्ट काढून मशीनवर टाकला. अध्यक्षाला सांगा, वाजवायचे पैसे येगळे अन् मशीनचं भाडं येगळं. अन् ते लिहून घ्या.’

लिहून घेतलं. मंडळाच्या खर्चाच्या कागदावर जनरेटरच्या खाली आता एक नवी ओळ आहे: कीबोर्डचं भाडं स्वतंत्र, ताडपत्री मंडळाची. अध्यक्ष म्हणतात, ताडपत्रीचं बघू, भाड्याचं पुढच्या वर्षी.