जुन्या विहिरींची राखण

विहीर जुनी झाली म्हणून वाशीमचा शेतकरी ती सोडून देत नाही. उन्हाळ्यात तो गाळ उपसतो, ढासळलेला काठ बांधून घेतो आणि मगच नव्या विहिरीचा विचार करतो. समुद्राचे दर्शनही दुर्लभ असलेल्या या जिल्ह्यातून अरबी समुद्रातील तेलविहिरींविषयी लिहिण्याचे प्रयोजन हेच आहे. रिसोड-मालेगावच्या शिवारात सोयाबीनची पेरणी डिझेलवर चालते, आणि देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते.

फेब्रुवारी 1974 मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर तेल शोधले. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. 1985 च्या सुमारास मुंबई हाय दिवसाला चार लाख बॅरलहून अधिक तेल देत होते. आज ते निम्म्याहूनही खाली आले आहे. क्षेत्राचे वय झाले. पण तेल संपलेले नाही.

तेथील अनेक विहिरी छोट्या, मानवरहित प्लॅटफॉर्मवर आहेत. वय वाढले की भूगर्भातील दाब घटतो, तेलाबरोबर पाणी अधिक येऊ लागते, नळ्यांना गंज चढतो, त्यांत मेण व क्षार साचतात. मग वायू सोडून तेलाचा स्तंभ हलका करावा लागतो. कधी रिग आणून, जड द्रवाने विहीर शांत करून जुनी नळी उपसावी लागते आणि पाणी येणारा थर सिमेंटने बंद करावा लागतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. म्हणून यातील बरीचशी कामे उरलेल्या महिन्यांतच उरकावी लागतात. या कामाचे उद्घाटन होत नाही, त्याची फीत कापली जात नाही. कदाचित म्हणूनच त्याची उपेक्षा होते.

या उपेक्षेची किंमत माणसे मोजतात. 27 जुलै 2005 रोजी जहाजावरील जखमी आचाऱ्याला प्लॅटफॉर्मवर हलवण्यासाठी आलेले जहाज तेल-वायूच्या उभ्या नळीवर आदळले. दोन तासांच्या आत संपूर्ण प्लॅटफॉर्म भस्मसात झाला आणि 22 जण प्राणास मुकले. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाची सूचना असतानाही 'पी-305' हा बार्ज समुद्रातच राहिला व बुडाला. 70 हून अधिक कामगार गेले. नौदलाच्या जवानांनी उसळत्या लाटांतून अनेकांना वाचवले, म्हणून हानी आणखी वाढली नाही. मृतांपैकी बहुतेक कंत्राटी कामगार होते. दत्तोपंत ठेंगडी यांच्या विदर्भाने हा प्रश्न केवळ मुंबईचा मानू नये. उद्योगाच्या हिताचा विचार कामगाराला वगळून होऊ शकत नाही, ही त्यांची शिकवण होती.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायचे उत्पादन वाढवण्यासाठी 'बीपी' या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवापुरवठादार म्हणून निवड झाली. परकीयांकडून विद्या घेण्यात कमीपणा नाही. 'सागर सम्राट'ही जपानमध्येच बांधले गेले होते. परंतु विद्या घेणे आणि विद्येसाठी कायमचे परावलंबी राहणे यांत अंतर आहे. जुन्या विहिरी सांभाळण्याचे ज्ञान आपल्या अभियंत्यांच्या व तंत्रज्ञांच्या हातात उरले, तरच हा करार स्वदेशीला पूरक ठरेल.

त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. उत्पादनाच्या लक्ष्याइतकेच देखभालीचे लक्ष्य बंधनकारक असावे. वादळाची सूचना मिळताच माणसे किनाऱ्यावर आणण्याचा निर्णय कंत्राटदाराच्या हिशेबावर सोडू नये. आणि ज्या विहिरींचे आयुष्य संपले, त्या शास्त्रशुद्धपणे बुजवण्याचा निधी आजच वेगळा ठेवावा.

भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन मानतो. विश्वकर्मा निर्मितीचा देव खरा; पण आपल्याकडे त्या दिवशी पूजा होते ती रोज हाताळल्या जाणाऱ्या, पुसून-घासून राखलेल्या अवजारांची. जे उभारले ते राखणे हीदेखील राष्ट्रसेवाच आहे, हे समुद्रातील त्या गंजत्या नळ्या आपल्याला बजावत आहेत.