दारी झुलणारा हत्ती

एखाद्याच्या दारी हत्ती झुलतो असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या ऐश्वर्याचे कौतुक करत असतो. त्या हत्तीला रोज किती चारा लागतो हे फक्त माहुताला आणि हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला ठाऊक असते, आणि हा वाक्प्रचार रूढ करताना त्या दोघांना कोणी विचारलेले दिसत नाही. इंग्लंडमध्ये अशा हत्तींचा एक चमत्कारिक बाजार गेली कित्येक वर्षे भरतो आहे. एके काळी कंपनीचा डायरेक्टर किंवा नामांकित सर्जन यांनाच परवडावी अशी बारा सिलिंडरची, आत कातडी बैठका आणि लाकडी पट्ट्या असलेली आलिशान मोटार पंधरा-वीस वर्षांनी एखाद्या साध्या घरगुती छोट्या गाडीच्या भावात मिळू लागते. मग शाळेत असताना जिचे चित्र वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवले होते, ती गाडी एक दिवस खरोखरच आपल्या दारात उभी राहते. पुढे काय होते, हा आजचा विषय आहे. आणि उदाहरण म्हणून जॅग्वार एक्सजेएसइतके बोलके दुसरे सापडणार नाही.

या जातीच्या गाड्यांना ‘ग्रँड टूरर’ म्हणतात. अठराव्या शतकात इंग्रज उमरावांची मुले शिक्षण पुरे झाले, की फ्रान्स ओलांडून इटलीपर्यंत लांबलचक प्रवासाला निघत. त्या प्रवासाला ‘ग्रँड टूर’ असे नाव होते. मोटारींच्या जमान्यात ते नाव दोन दारांच्या, ऐसपैस, वेगवान गाडीला चिकटले. सकाळी लंडनहून निघावे, खाडी ओलांडावी आणि अंग न आंबता फ्रान्सचा दक्षिण किनारा गाठावा, हे तिचे काम. शर्यतीच्या गाडीने हाडे खिळखिळी होतात आणि घरगुती गाडीने डोळे मिटू लागतात. या दोन्हींच्या मधली ही जात. मागे दोन बैठका असतात खऱ्या, पण त्या लहान मुलांसाठी किंवा मोठ्या माणसाच्या कोटासाठी. चौघांच्या कुटुंबाने इथेच सावध व्हायला हरकत नाही.

एक्सजेएस बाजारात आली सप्टेंबर १९७५ मध्ये. अवघ्या जगाला वेड लावणाऱ्या ‘ई-टाइप’च्या गादीवर ती बसणार होती आणि तिथेच तिचे नशीब फिरले. लोकांना दुसरी ई-टाइप हवी होती. मिळाली ती लांब नाकाची, पाठीमागे काचेच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे उतरते पंख असलेली, निराळ्याच वळणाची गाडी. ई-टाइपला आकार देणारे माल्कम सेयर यांनी तिची कल्पना मांडली होती, पण ते १९७० मध्येच वारले आणि बाकीचे काम इतरांनी पुरे केले. त्यात १९७३ च्या तेलसंकटाची झळ ताजी होती. पेट्रोलच्या रांगा आठवत असलेल्या लोकांपुढे कंपनीने ५.३ लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन ठेवले. १९८० साली वर्षभरात जेमतेम हजारभर गाड्या तयार झाल्या आणि ही गाडी बंदच करावी असे बोलले जाऊ लागले. तिला वाचवले ते जॉन ईगन या नव्या प्रमुखाने धरलेल्या दर्जाच्या आग्रहाने आणि मायकेल मे या स्विस अभियंत्याच्या डोक्याने. इथे डोके हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्यावा, कारण मे यांनी सुचवलेल्या नव्या रचनेच्या सिलिंडर हेडमुळे १९८१ पासून इंजिन कमी पेट्रोलवर चालू लागले. १९८४ मध्ये टॉम वॉकिनशॉ यांनी याच गाडीवर युरोपियन टूरिंग कार अजिंक्यपद जिंकले. पाहता पाहता ही नावडती सून एकवीस वर्षे घरात टिकली. एप्रिल १९९६ मध्ये कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली तेव्हा एकूण आकडा १,१५,४१३ झाला होता.

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही आपली म्हण जुन्या आलिशान गाडीच्या व्यवहारात शब्दशः खरी ठरते. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. तिच्या सुट्या भागांची आणि कुशल हातांची किंमत मात्र उतरत नाही, उलट चढते. नवी असताना जिचा मालक खर्चाचा विचार करत नव्हता, अशा माणसासाठी ती बांधलेली असते. तो मालक गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्याने ती महिन्याच्या पगारातून घेतली, तरी गाडीला त्याची खबर नसते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. हिच्या तर नुसत्या किमतीचा सुंभ जळालेला असतो, पीळ सगळा शाबूत.

बॉनेट उघडले, की नवख्या माणसाच्या छातीत धस्स होते. नळ्या, तारा, रबरी हौज यांचे असे जंजाळ, की इंजिन त्याखाली कुठे आहे ते शोधावे लागते. स्पार्क प्लग बारा. त्यातले पुढचे दोन एअर कंडिशनरच्या कॉम्प्रेसरखाली दडलेले. तो सैल करून बाजूला घेतल्याशिवाय हात पोहोचत नाही. साध्या गाडीत अर्ध्या तासाचे काम इथे निम्मा दिवस खाते. म्हणून कित्येक गाड्यांत दहा प्लग नवे आणि दोन जुनाट असा प्रकार सापडतो. इंजिनात ऑइल दहा लिटरच्या वर लागते, थंडाव्याचे पाणी वीस लिटरच्या आसपास. मागचे ब्रेक चाकांपाशी नसून गाडीच्या पोटात, डिफरेन्शियलला चिकटून. १९९३ च्या सुमारास ते बाहेर आणले, पण त्याआधीच्या गाड्यांत ब्रेकची साधी चकती बदलायची तरी गाडी उचलून तिच्याखाली निजावे लागते.

या इंजिनाचा खरा शत्रू उष्णता. ते ॲल्युमिनियमचे आहे. रेडिएटरच्या तळाशी गाळ बसला, किंवा मालकाने गंजरोधक द्रव न घालता नळाचे पाणी भरून वेळ मारून नेली, की एखाद्या उन्हाळी दुपारी रहदारीत अडकल्यावर काटा लाल पट्टीकडे सरकतो. एकदा ते जास्त तापले, की वाल्वच्या बैठका जागा सोडू शकतात. मग सिलिंडर हेड काढायला जावे तर ती आपल्या खिळ्यांना गंजून अशी घट्ट बसलेली असतात, की दिवसेंदिवस झटूनही सुटत नाहीत. दुसरी गोष्ट पेट्रोलच्या रबरी नळ्यांची. इंजिनाच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, ऐन धगीत, त्या पसरलेल्या. रबर वाळते, तडकते, थेंब ठिबकू लागतो आणि खाली तापलेला धातू असतो. सगळ्या नळ्या बदलण्याचा खर्च गाडीच्या एका टायरच्या आसपास येईल. तो वाचवण्याच्या नादात किती गाड्या जळून गेल्या असतील!

तरीही इंजिन दणकट आहे. वेळेवर ऑइल, पाणी आणि लक्ष मिळाले तर ते मालकाला पुरून उरते. गंजाचे तसे नाही. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून खडेमीठ टाकतात. ते चिखलाबरोबर उडून चाकांच्या कमानीत, उंबऱ्याच्या पत्र्यात, मागच्या पंखांच्या मुळाशी जाऊन बसते आणि वर चकचकीत रंग असताना आतून पत्रा खात राहते. मागची चाके ज्या दांड्यांनी गाडीला जखडलेली असतात, त्या दांड्या जिथे बसतात तो पत्रा कुजला, की प्रश्न सौंदर्याचा राहत नाही, जिवाचा होतो. जाणकार गिऱ्हाईक म्हणूनच गाडी पाहायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवतो. चुंबक पत्र्याला चिकटतो, रंगाखाली भरलेल्या लांबीला चिकटत नाही. तो गालिचा उचलून पाहतो, मागच्या बैठकीशी हात घालून ओल चाचपतो, आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो, की मी येईपर्यंत इंजिन गरम करू नका. चकाकणाऱ्या बॉनेटपेक्षा बिलांच्या जाड फायलीला तो जास्त मान देतो.

या गाड्या गंजाने मेल्या, उष्णतेने मेल्या असे सांगितले जाते. मला विचाराल तर त्या मेल्या स्वस्ताईने. जोवर त्या महाग होत्या तोवर त्यांची निगा राहिली. भाव कोसळल्यावर त्या अशा घरांत गेल्या जिथे त्यांच्यावर प्रेम होते, पण प्रेमाला लागणारी शिल्लक नव्हती. या वर्षी रेडिएटर राहू दे, पुढच्या वर्षी बघू. टायर अजून चालतील. हा आवाज पहिल्यापासूनच आहे. असे करता करता दुरुस्तीचा आकडा गाडीच्या बाजारभावापलीकडे गेला आणि मग तिची इंजिने, बैठका, चाके सुटी करून विकणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरला. घरातल्या इतर माणसांच्या बाजूनेही याकडे पाहिले पाहिजे. छताची गळती, मुलांची सहल आणि गॅरेजचे बिल एकाच महिन्यात समोर आले तर पहिला मान कोणाला, हा तंटा ज्या घरात हसत-खेळत सुटू शकतो तिथेच असला हत्ती बांधावा. खरेदीला जेवढी रक्कम मोजली जवळपास तेवढीच निराळी काढून ठेवता येत नसेल, तर ती गाडी आपल्याला परवडलेली नाही, फक्त मिळालेली आहे.

मग माणसे घेतातच का? एकदा ती रस्त्यावर नेल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. किल्ली फिरवल्यावर बारा सिलिंडरांचा आवाज असा येतो, की इंजिन चालू झाले की नाही याची खात्री काट्याकडे पाहून करावी लागते. दीड टनाहून जड असलेली ही गाडी खराब रस्त्यावरही अंग टाकून, शांतपणे तरंगत जाते. ती नवी असताना ताशी सुमारे २४० किलोमीटरचा वेग गाठत असे आणि ब्रिटनच्या महामार्गावर कायद्याची मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे ११२ किलोमीटर आहे. त्या वेगाला तिचे इंजिन जवळजवळ डुलकी काढत असते. चालवणाऱ्याला घाई उरत नाही, हे या गाडीचे खरे सुख. त्याची किंमत म्हणजे लिटरमागे पाच-सहा किलोमीटर. सुमारे नव्वद लिटरची टाकी, पण लंडनहून नीसपर्यंतचे तेराशे-चौदाशे किलोमीटर कापायला वाटेत दोनदा तरी थांबावेच लागते. आजच्या काळात हवेत इतका धूर सोडायचा आपल्याला काय अधिकार, असे कोणी विचारले तर मालकाकडे ठोस उत्तर नाही. वर्षाकाठी दोन-तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा धूर रोज कामाला जाणाऱ्या गाडीपेक्षा कमी, एवढाच हिशेब तो मांडू शकतो. हिशेब खोटा नाही. मात्र तो सोयीचा आहे हेही खरेच.

पण याचा अर्थ ती झाकून ठेवावी असाही नाही. उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. रबरी सील सुकतात, ब्रेक धरून बसतात, पेट्रोल नासते. त्यात सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले, जे जुन्या रबराला आणि धातूला मानवत नाही; म्हणून अशा गाड्यांना महागडे सुपर पेट्रोल पाजावे लागते. हत्तीला रोज फिरवून आणावे लागते, ते इथेही चुकत नाही.

सरकारी नियम त्याहून मजेदार. ब्रिटनमध्ये गाडीला चाळीस वर्षे झाली आणि ती ‘ऐतिहासिक’ वर्गात नोंदली, की तिचा वाहनकर माफ होतो. मूळ रचनेत मोठा बदल केलेला नसेल तर मे २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. लंडनच्या ज्या धूरनियंत्रण क्षेत्रात जुन्या वाहनांना दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात, आणि जे ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या महानगरावर पसरले, तिथेही अशी ऐतिहासिक गाडी फुकट फिरते. म्हणजे १९८० ची एक्सजेएस मोकळी सुटते आणि तिच्यापेक्षा कमी धूर सोडणारी १९९५ ची धाकटी बहीण दंड भरते! आपल्याकडेही २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. पंधरा वर्षे ते पन्नास वर्षे हा मधला काळ मात्र तिकडे काय, इकडे काय, जुन्या गाडीच्या आयुष्यातला सर्वांत अवघड. तेव्हा ती नवीही नसते आणि वारसाही नसते.

योगायोग असा, की जॅग्वारचे नाव आज मुंबईशी जोडलेले आहे. १९८९ मध्ये फोर्डने घेतलेली ही कंपनी २००८ साली लँड रोव्हरसह टाटा मोटर्सने २३० कोटी डॉलर्सना विकत घेतली. ब्राउन्स लेनमधले उत्पादन त्याआधीच, २००५ मध्ये थांबले होते. कारखाना गेला, गाड्या मात्र रस्त्यावर आहेत, आणि त्या चालू ठेवणारी माणसे आता साठी-सत्तरीतली आहेत. बारा सिलिंडरची नाडी कानाने ओळखणारे मिस्त्री एकेक करून निवृत्त होत आहेत. हल्ली या गाड्यांचे भाव थोडे चढल्याचे पाहून काहींना आनंद होतो. मला तो भाव चढण्याचा आनंद नाही, पण भाव चढल्यामुळे आता रेडिएटर वेळेवर बदलला जातो, याचा आहे. एप्रिल १९९६ मध्ये बाहेर पडलेल्या शेवटच्या गाडीला चाळीस वर्षे पुरी होतील ती २०३६ साली. तोवर दहा हिवाळ्यांचे मीठ तिला अजून सोसायचे आहे.